उष्टा श्वास

"मास्क उष्टा आहे," यंत्र म्हणालं.

तृप्ती पोतदारचा चहाचा कप तोंडाशी जाता जाता थांबला. यंत्राचा आवाज शाळेतल्या एखाद्या बाईंसारखा होता, गोड आणि समोरच्याचं काही ऐकून न घेणारा. "नळीत परक्या तोंडाचे अंश आढळले. ही दुसरी नोंद आहे. तिसऱ्या नोंदीला आपला घाट-परवाना रद्द होईल." एवढं सांगून त्यानं आपला निळा दिवा मालवला.

बाहेरच्या खोलीत आप्पांनी, म्हणजे तिच्या सासऱ्यांनी, बातम्यांचा आवाज कमी केला. एरवी ज्यांना दोन हाका मारल्याशिवाय ऐकू जात नाही, त्यांना आज यंत्राचं बोलणं बरं ऐकू गेलं, असं तृप्तीच्या मनात आलं.

"काय म्हणतंय गं ते?" आप्पांनी विचारलं.

"काही नाही. पाणी बदला म्हणतंय."

चौदा वर्षांच्या संसारात ती सासऱ्यांशी पहिल्यांदाच खोटं बोलली होती, आणि ते तिला फारसं जडही गेलं नाही.

यंत्र बनवणाऱ्या कंपनीनं मराठी सूचना लिहायला कुणाला बसवलं होतं कोण जाणे. "अन्य व्यक्तीच्या मुखातील सूक्ष्मजीवांमुळे दूषित" असं लांबलचक लिहिण्याऐवजी त्या भल्या माणसानं सरळ "उष्टा" लिहून टाकलं होतं. डेपोत पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा सगळे ड्रायव्हर पोट धरून हसले होते. तृप्तीही हसली होती. आता तिला त्यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं.

तिचं काम घाटातलं. सह्यवाहिनीच्या बसगाड्या पुण्यापासून कोयनानगरपर्यंत आपल्या आपण यायच्या, सपाट रस्त्याला माणूस लागत नसे. पण कुंभार्ली घाटाच्या तोंडाशी मात्र गाडीत ड्रायव्हर चढायचा. तिथलं धुकं, कोसळलेली दरड, वळणावर रवंथ करत बसलेल्या म्हशी आणि वळणावरच ओव्हरटेक करणारे शहाणे, यांचा हिशेब अजून कुठल्याच संगणकाला जमला नव्हता. तृप्ती नऊ वर्षं गाडी खाली चिपळूणला नेत होती आणि दुसरी घेऊन वर येत होती. ते तिचं नुसतं काम नव्हतं. स्टिअरिंग हातात आलं की आपण कुणाची सून नाही, कुणाची बायको नाही, असं तिला वाटायचं, आणि ते तिला फार आवडायचं.

दोन वर्षांपूर्वी सातव्या वळणावर तिचे डोळे तीन सेकंद मिटले. गाडीनं स्वतःच ब्रेक लावला म्हणून बरं, चाळीस माणसं कठड्याच्या अलीकडे राहिली. डॉक्टरांनी तपासलं तेव्हा कारण रात्रीत सापडलं. झोपेत तिचा घसा सैल पडून मिटायचा, श्वास दहा-वीस सेकंद अडायचा, रक्तातला प्राणवायू उतरायचा आणि मेंदू घाबरून तिला हलवून जागं करायचा. असं तासाला तीस वेळा. सकाळी तिला यातलं काही आठवत नसे, फक्त दिवसभर पेंग यायची. उपाय सोपा होता. नाकातोंडावर मास्क, त्याला एक नळी, नळीच्या टोकाला हवा दाबून सोडणारं यंत्र. त्या हवेनं घसा उघडा राहतो. हवा कोरडी पडू नये म्हणून यंत्रात पाण्याची डबी.

यंत्र लावून झोपलं तरच घाटाचा परवाना, असा नियम झाला. नियम झाला की पळवाट आलीच. एका पठ्ठ्यानं मास्क आपल्या मेहुण्याला लावून रोज झोपवलं आणि स्वतः पत्ते कुटत बसला. ते उघडकीला आल्यावर कंपनीनं नळीत तोंडओळख बसवली. प्रत्येकाच्या तोंडात शेकडो जातींचे जंतू राहतात, आणि कुणाच्या तोंडात कोण किती, याचं प्रमाण दुसऱ्या कुणाशी जुळत नाही. नळीतला संवेदक रोज मास्क जोडल्यावर आत उरलेला तोंडाचा ओलावा चाखून बघायचा. तृप्तीचा असेल तर गप्प. परका थोडा असेल तर नुसता मोजून ठेवायचा, हद्दीबाहेर गेला की उष्टा.

आता प्रश्न होता, परकं तोंड कुणाचं? मंदार, तिचा नवरा, आठ महिने झाले गुजरातच्या समुद्रातल्या पवनचक्क्यांवर होता. सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली. घरात दोनच माणसं, आणि त्यातली एक ती स्वतः. फार डोकं खाजवायची गरजच नव्हती.

शिवाय फोनवर आलेल्या नोटिशीत खाली एक ओळ होती. "अंशांसोबत अमोनिया." त्याच्याही खाली "पूर्ण अहवाल वाचा" असं बारीक अक्षरांत होतं, पण तृप्तीला पुढचं वाचायची गरज वाटली नाही. दुसऱ्या कुणाच्या घरात ही ओळ आली असती तर त्यांनी फरशी पुसायच्या बाटल्या हुंगल्या असत्या. तृप्ती सोनाराच्या घरातली सून होती. अमोनिया म्हटल्यावर तिला एकच गोष्ट सुचली, ती म्हणजे नवसागर. सोनं आटवताना मुशीत चिमूटभर टाकायचा तो पांढरा खडा, ज्याचा नाकात जाणारा वास तिनं लग्न होऊन आल्यावर कित्येक दिवस सहन केला होता. त्यातून अमोनियाच सुटतो, हे आप्पांनीच तिला मोठ्या हौसेनं समजावलं होतं.

आणि एकदा असं बघायला लागल्यावर सगळंच जुळत गेलं. तीन सेकंदांच्या त्या प्रकारानंतर "सोड ही नोकरी, पोरी" असं कोण म्हणालं होतं? आप्पा. ज्या माणसानं जन्मात स्वतःचा कप विसळला नाही, त्यानं यंत्र आल्याच्या दुसऱ्याच दिवशी "हे मी धूत जाईन" म्हणावं, हे कशासाठी? आणि अलीकडे जेवताना नवीनच सुरू झालं होतं. दोन घास खाल्ले की ताट सारायचे आणि म्हणायचे, "भाजीला तांब्याची चव लागते." चौदा वर्षं हीच भाजी गोड लागत होती. बाहेर काम करणारी सून नको झाली की भाजीलाही तांब्याची चव येते, हे तृप्तीला कुणी सांगायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी तिची दुपारची पाळी होती. सकाळी आप्पा मोरीपाशी स्टूल टाकून यंत्र धुवायला बसले, तशी तीही भाजी निवडायचं निमित्त काढून समोर बसली.

आप्पांनी मान वर केली. "गिऱ्हाईक होऊन बसलीस होय?"

तृप्तीचा चेहरा उतरला. सोनाराच्या दुकानातली ही जुनी रीत तिला ठाऊक होती. दागिना आटवायला दिला की गिऱ्हाईक हलत नाही. समोर बसून राहतं, चहा पितं, पावसापाण्याच्या गप्पा मारतं, पण डोळे सोनाराच्या बोटांवर. गुंजभर सोनं नखात गेलं तर? चाळीस वर्षं आप्पांनी अशा नजरांखाली काम केलं होतं.

"छे, बसले आपली," ती म्हणाली, पण उठली नाही.

आप्पांनी काम सुरू केलं. मान्य करायला हवं, हात सुरेख होता. मास्क, पट्टे, नळी, डबी सगळं सुटं केलं. सुरुवातीला ते दागिन्यांसारखं हेही रिठ्याच्या पाण्यात धुवायला निघाले होते, तेव्हा तृप्तीनंच पुस्तिका वाचून दाखवली होती: कोमट पाणी, बिनवासाच्या साबणाचा एक थेंब, बाकी काही नाही. ब्लीच नको, स्पिरिट नको, डेटॉलसुद्धा नको, कारण त्याची वाफ पुढे फुफ्फुसात जाते. उन्हात टाकायचं नाही, रबर तडकतं. डबीतलं कालचं पाणी फेकायचं, नवं भरायचं ते डिस्टिल्ड. आप्पा त्याबरहुकूम करत होते. मऊ ब्रशनं मास्कची कड न् कड घासली, तीन पाण्यांतून काढलं, धुतलेल्या पंच्यावर ठेवलं.

मग त्यांनी नळी उचलली, एक टोक ओठांना लावलं, गाल फुगवले आणि फुंकर मारली. दुसऱ्या टोकातून पाण्याचे थेंब मोरीत उडाले. निम्म्यातच त्यांचा दम सरला. ते थोडं थांबले आणि परत फुंकले.

तृप्ती बघतच राहिली. माझ्या डोळ्यांदेखत!

"आप्पा, तोंड लावू नये असं लिहिलंय ना?"

"मास्कला लावू नये असं लिहिलंय. मास्कला कुठं लावलं? ही नळी आहे." आप्पांनी नळी खुंटीला अडकवली. "आत पाणी राहिलं तर बुरशी धरेल. आपण तर दागिना फुंकल्याशिवाय हातावेगळा करत नाही."

उत्तर कसं तयार होतं! अगदी वकिलाला शोभेलसं. चुकून करणारा माणूस गडबडतो, असा तृप्तीचा समज होता, आणि आप्पा जराही गडबडले नव्हते.

ते आंघोळीला गेले तेव्हा तिनं माळ्यावरून त्यांची हत्यारांची पेटी काढली. फुंकणी, चिमटे, मुशी, टाकणखाराची पुडी, आणि तळाशी नवसागराचा डबा. पेटी नऊ वर्षं वापरात नव्हती, दुकान विकलं तेव्हापासून. तरी डब्यावर धुळीचा कण नव्हता. झाकण लख्ख पुसलेलं होतं. तृप्तीनं डबा होता तसा ठेवला, खाली उतरली आणि शांतपणे हात धुतले. तिची खात्री पटली होती.

डेपोत जाऊन तिनं तक्रार भरली. "घरातील व्यक्तीकडून यंत्राशी हेतुपुरस्सर छेडछाड." व्यक्तीचं नाव: दिगंबर विठोबा पोतदार. नातं: सासरे. पद्धत: नळीत फुंकणे, नवसागर घालणे. अशी तक्रार खरी ठरली तर दोन्ही नोंदी पुसल्या जात आणि परवाना शाबूत राहत असे.

त्याच दिवशी तिनं यंत्र पुन्हा धुतलं आणि आपल्या खोलीत कुलुपात ठेवलं. "मीच धूत जाईन आता," एवढंच ती आप्पांना म्हणाली. त्यांनी कारण विचारलं नाही. विचारलं नाही, हेही तिनं त्यांच्या खात्यावर मांडलं.

रोज सकाळी ती कोमट पाण्यात मास्क धुवायची, नळी दोन्ही टोकं खाली करून सावलीत टांगायची. अकरा दिवस झाले. यंत्र एकदाही बोललं नाही. परकं तोंड नाही, अमोनिया नाही. चोर सापडल्याचं याहून मोठं प्रमाण काय हवं? फोनवर मंदार म्हणाला, "अगं, आप्पा असं कशाला करतील?" तर ती म्हणाली, "तू समुद्रात आहेस, मंदार. मी घरात आहे."

घरात मात्र बोलणं सरत चाललं होतं. आप्पा दिवसाचे बरेच तास पडूनच असायचे. पाय सुजलेत म्हणाले, तर तृप्तीला वाटलं, आता ही सहानुभूतीची तयारी.

बाराव्या दिवशी डेपोच्या आरोग्य-अधिकारी मुजावर मॅडमनी तिला बोलावून घेतलं. टेबलावर कागद तयार होता.

"तुमचं काम झालं," मॅडम म्हणाल्या. "त्यांनी कबुली दिली आहे."

"कुणी?"

"सासऱ्यांनी. तक्रारीची प्रत त्यांना जातेच. त्यांनी त्याच संध्याकाळी 'मान्य' करून परत पाठवली. चौकशीची गरजच नाही राहिली."

तृप्तीला आधी बरं वाटलं. मी म्हणत नव्हते? पण ते बरं वाटणं फार वेळ टिकलं नाही. अकरा दिवस त्या माणसाला सगळं माहीत होतं. अकरा दिवस तो समोर बसून तिच्या हातचा चहा पीत होता.

"सहीआधी अहवाल वाचून दाखवायचा नियम आहे," मॅडमनी चष्मा लावला. "परकं तोंड, पुरुष, वय सत्तरच्या पुढे. संपर्क रोजचा, काही सेकंदांचा. अमोनिया: डबीतल्या पाण्यात नाही. साबणात नाही. प्लास्टिकवर नाही. फक्त परक्या तोंडाच्या ओलाव्यात. सात महिन्यांत पाचपट वाढ." त्या थांबल्या. "तृप्तीबाई, हे तुम्ही नवसागर लिहिलंय, तो घातला असता तर पाण्यात सापडला असता. हा त्यांच्या श्वासातला आहे."

"श्वासात अमोनिया कुठून येईल?"

"खाली लिहिलंय की. 'संबंधित व्यक्तीची मूत्रपिंडं तातडीनं तपासावीत.' ही सूचना तुम्हाला दोन्ही नोटिशींसोबत गेली होती. वाचली नाहीत?"

मूत्रपिंडं थकली की रक्तातला युरिया बाहेर पडत नाही. तो साचत जातो आणि लाळेतही उतरतो. तोंडातले जंतू तो फोडतात आणि त्यातून अमोनिया सुटतो. तोंडाला धातूची चव येते, अन्न नकोसं होतं, पाय सुजतात, दम पुरत नाही. मुजावर मॅडम हे सगळं सावकाश सांगत होत्या आणि तृप्ती त्यातली एकेक गोष्ट आपल्या घरातल्या माणसावर ठेवून बघत होती. तांब्याची चव. सारलेलं ताट. निम्म्यात सरलेली फुंकर. आणि डब्यावर धूळ का नव्हती? ते आठवायला तर क्षणही लागला नाही. गेल्याच महिन्यात दसरा झाला होता. खंडेनवमीला आप्पांनी माळ्यावरची पेटी उतरवून हत्यारं पुसून पुजली होती, आणि हळदकुंकवाचं तबक तिनंच त्यांच्या हातात दिलं होतं.

सात महिने ते यंत्र मोजत होतं, दोनदा त्यानं ओरडून सांगितलं होतं की या घरात एक माणूस आजारी आहे. तिनं ते आपल्यावरचा डाव म्हणून ऐकलं होतं. तिला स्वतःची इतकी लाज पूर्वी कधी वाटली नव्हती.

"तक्रार मागे घेतली तर?" तिनं विचारलं.

"तर ती नोंद तुमच्याकडे येते. यंत्राच्या निगेत कसूर. सहा महिने घाट बंद, डेपोत बसून काम." मॅडमनी कागद तिच्याकडे सरकवला. "आणि तशीच ठेवली तर तुमचा परवाना शाबूत. फक्त त्यांचं नाव छेडछाडीच्या यादीत जाईल. यादीतल्या माणसाला पाच वर्षं घरगुती वैद्यकीय यंत्र मिळत नाही. मूत्रपिंडांचं खरंच निघालं, तर घरी रक्त शुद्ध करायचं यंत्र त्यांना लागेल. मग आठवड्यातून तीनदा साताऱ्याला न्यावं लागेल, या वयात."

खिडकीतून चिपळूणची गाडी सुटताना दिसत होती. सहा महिने. तृप्तीनं लगेच पेन उचललं असं लिहिलं तर ते खोटं होईल. ती गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघत बसली. सहा महिन्यांत तिच्या जागी दुसरं कुणी येईल, आणि आलेला माणूस जागा सहजी सोडत नाही, हेही तिच्या मनात येऊन गेलं. मग तिनं "मागे" या शब्दाखाली सही केली.

घरी आली तेव्हा आप्पा झोपाळ्यावर बसले होते. ती चप्पल न काढताच समोर उभी राहिली.

"न केलेल्या गोष्टीची कबुली का दिलीत?"

आप्पांनी नजर चुकवली नाही. "नाही म्हटलं असतं तर चौकशी लागली असती. दोन-तीन महिने तू घरी. घरी बसलीस की तू कशी होतेस ते मला ठाऊक आहे."

"तुम्हीच म्हणाला होता, नोकरी सोड."

"त्या दिवशी म्हणालो. घाबरलो होतो. पुढच्याच महिन्यात तुझ्या गाडीत बसून चिपळूणला जाऊन आलो, मागच्या बाकावर, तुला न सांगता. त्यानंतर म्हणालो का कधी?" त्यांनी सुजलेले पाय झोपाळ्याखाली ओढून घेतले. "फुंकर मारत होतो, ते चुकीचं आहे हे तुझ्या तक्रारीतच कळलं. म्हणजे थोडी चूक माझी होतीच. थोडी होती तिथं सगळी घेतली, त्यात काय एवढं?"

"तक्रार मागे घेतली मी."

"आणि परवाना?"

"सहा महिने नाही."

आप्पा ताडकन उभे राहिले आणि तोल सावरायला त्यांना झोपाळ्याची कडी धरावी लागली. चौदा वर्षांत तिनं त्यांना इतकं चिडलेलं पाहिलं नव्हतं. "अगं, मग माझी कबुली मातीत घातलीस की! विचारायचंस तरी एकदा!"

"विचारायला हवं होतं. आधीच. खूप आधी." मग तिनं त्यांना सगळं सांगितलं, अमोनिया कुठून येतो ते, पायांचं, चवीचं, न वाचलेल्या सूचनेचं. आप्पा ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावर फारसं आश्चर्य नव्हतं. शरीरात काहीतरी बिनसलंय हे त्यांना कळत होतं, फक्त घरातली हवा अशी झाली होती की सांगायचं कुणाला हा प्रश्न होता. तृप्तीला हे न सांगताच समजलं.

"रिक्षा बोलावलीय," ती म्हणाली. "दवाखान्यात जायचं. आत्ता."

आप्पांनी सदरा बदलला, टोपी घातली, किल्ल्या खिशात आहेत का चाचपलं. दाराशी आल्यावर ते उंबऱ्यापाशी थबकले.

"एक विचारू?" ते म्हणाले. "त्या कागदावर माझं नाव लिहिताना हात थांबला का गं जरा?"

हो म्हणणं फार सोपं होतं. त्यांनी विचारलं होतं त्यावरून त्यांना तेच ऐकायचं असावं, असंही तिला वाटलं.

"नाही, आप्पा," तृप्ती म्हणाली. "नाही थांबला."

आप्पांनी टोपी सारखी केली. बाहेर रिक्षावाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला. मग त्यांनी आधारासाठी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि पायरी उतरले.